लोट्यात काय आहे

दुर्गाघाटावरच्या आमच्या दोन खोल्यांत, माळ्यावर, एक पत्र्याचा डबा होता. बाबा घरात असताना त्याचं झाकण कधी उघडलं जात नसे. आत मोहाची सुकलेली फुलं असायची आणि त्यांच्याखाली जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधलेली सुकी मासळी. गडचिरोलीकडच्या आमच्या गावाहून कुणी काशीला आलं की आईसाठी हे एवढं घेऊन येई. मोहाची फुलं आई तव्यावर भाजून माझ्या आणि धाकटीच्या हातावर ठेवायची. मासळी मात्र तिनं त्या घरात एकदाही शिजवली नाही. बाबा कचेरीत गेले की डबा खाली काढायची, पुरचुंडी सोडायची, नुसता वास घ्यायची आणि परत बांधून ठेवायची. एकदा खालून घरमालकीण इंदूकाकूंनी विचारलं, "माडवकर वहिनी, उंदीर मेलाय का हो कुठं? वास येतोय बघा." आईनं दोन दिवस तो डबा उघडला नाही. आम्ही बहिणी मात्र पांघरुणात तोंड खुपसून हसलो होतो.

आम्ही माडवकर नव्हतो. आम्ही मडावी. गोंड. रेल्वेच्या कचेरीत बदली होऊन बाबा काशीला आले तेव्हा मी पाळण्यात होते. ब्रह्माघाट-दुर्गाघाटाच्या बाजूला मराठी माणसांची जुनी घरं आहेत असं त्यांना कुणीतरी सांगितलं आणि ते तिथं खोली मागायला गेले. इंदूकाकूंनी नाव विचारलं. बाबांच्या तोंडून माडवकर आलं. पुढं ते कागदोपत्रीही तसंच झालं. बाबांना मी आता शिव्या घालत नाही, पूर्वी मनात पुष्कळ घातल्या. त्या माणसाला शाळेत मास्तरांनी आपली बोली बोलला म्हणून भर उन्हात उभं केलेलं होतं. आपल्या मुलींना कुणी उन्हात उभं करू नये एवढंच त्याला हवं होतं. म्हणून घरात गोंडी बंद. मराठी, तीही छापील. आई "मले" म्हणाली की बाबा ताटावरून मान वर न करता म्हणत, "मला." आई पुढचं वाक्य गिळून टाकायची. पण बाबा कचेरीत गेले की ती चुलीशी बसून गोंडीत गुणगुणायची, आणि धाकटी तिच्या मांडीवर असायची, आणि ते सगळं त्या पोरीच्या कानात जात होतं. मी शाळेत जात होते. माझ्या कानात फारसं काही उरलं नाही.

धाकटीचं नाव बाबांनी सुमन ठेवलं होतं. आई तिला पुंगार म्हणायची. गोंडीत पुंगार म्हणजे फूलच. चार वर्षांची होती, गुटगुटीत, आणि भलती हट्टी. घरात ती आईशी गोंडी बोले, जिन्यावर काकूंशी मराठी, आणि गल्लीत उतरली की नावाड्यांच्या पोरांशी अस्सल बनारसी हिंदीत भांडे. मला तिचा हेवा वाटायचा, खोटं कशाला सांगू. मी बारा वर्षांची, आणि माझ्याकडे एकच भाषा होती. ती मात्र मी घासूनपुसून लखलखीत ठेवलेली. काकू चार जणींत मला उभं करायच्या. "हिची वाणी ऐका. आमच्या पोरी नुसतं हिंदीच घोटतात. ही बघा, माडवकरांची." मग मी डोळे मिटून स्तोत्र म्हणायची. काकू माझ्या तळहातावर बत्तासा ठेवायच्या. त्यांच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत मला प्रवेश होता. आई मात्र उंबऱ्याशीच थांबायची. तिला कुणी थांबवलेलं नव्हतं, ती आपणहून थांबायची. तो उंबरा माझ्या आयुष्यातली सगळ्यांत मोठी कमाई होती, आणि काकूंना कधी कळलं तर, हा धाक मला सतत असायचा.

आणि काकू वाईट नव्हत्या. हे मला लिहूनच ठेवायचं आहे, कारण हल्लीच्या पोरांना गोष्टीत एक दुष्ट माणूस लागतं. त्यांच्या सासरच्या सात पिढ्या ह्या घाटावर पौरोहित्य करत आलेल्या. विधवा बाई, गुडघे धरलेले, सकाळी गल्लीतल्या ओट्यावर बसून जपमाळ ओढणार आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची विचारपूस करणार. समोरच्या पाठशाळेतल्या मुलांची संथा सुरू झाली की मधेच म्हणणार, "आज तिसऱ्याचा घसा बसलाय." पुंगारला ताप चढला त्या तीन दिवसांत त्या जिना चढून वर आल्या. त्या गुडघ्यांनी. लिंबाचं पाणी, सुंठ, कपाळावर ओली पट्टी. वैद्याला त्यांनीच बोलावलं. उन्हाळा असा होता की भिंतीला हात लावला तर चटका बसायचा. पोरीच्या पोटात पाण्याचा थेंब ठरत नव्हता. तिसऱ्या दिवशी दुपारी ती आईच्या मांडीवर गेली. जाण्यापूर्वी काहीतरी मागत होती, गोंडीत. मला कळलं नाही. मी आईला विचारलं नाही, नंतरही कधी विचारलं नाही.

काशीत एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत, गंगेला देतात. बाबा, एक नावाडी आणि गल्लीतले दोन पुरुष होडीतून गेले. बायका वरच थांबल्या. आमच्यात पुरतात. आई बाबांना दारात अडवून हळू आवाजात काहीतरी म्हणाली, त्यात गाव हा शब्द होता. बाबा म्हणाले, "दोन दिवसांचा प्रवास आहे. ह्या उन्हात?" आणि ते खरंच होतं. बाबांच्या बोलण्यातलं पुष्कळसं खरंच असायचं.

संध्याकाळी काकू आईजवळ येऊन बसल्या. पाठीवरून हात फिरवत होत्या. म्हणाल्या, "वहिनी, रडू नका हो. पोर भाग्याची. काशीत गेली, गंगेत गेली. लोक कुठून कुठून येतात ह्यासाठी. सुटली ती फेऱ्यातून."

आईनं वर बघितलं. "सुटली मंजे?"

"म्हणजे आता परत येणं नाही."

"कधीच नाही?"

"नाही हो, कधीच नाही," काकू म्हणाल्या. ह्याहून मोठं सांत्वन त्यांच्यापाशी नव्हतंच.

आई जे ओरडली ते मी आजवर विसरलेले नाही. काकूंना वाटलं, दुःखाचा कढ आला. मला तेव्हाच थोडंसं कळलं होतं, कारण एकदा मोहफुलं भाजता भाजता आईनंच सांगितलं होतं की आमच्या कुळात गेलेलं माणूस घरी आणतात. नदीवर जायचं, नाव घेऊन हाक मारायची, हाकेला पहिला जो मासा येईल तो पाण्यासकट भांड्यात धरायचा आणि घरी आणायचा. चुलीजवळ नवं मडकं मांडलेलं असतं, त्यात सोडायचा. मग ते माणूस घरचंच राहतं. आजे-पणजे सगळे असे चुलीपाशी आहेत. एखादं लेकरू असेल तर त्याच घरात पुन्हा जन्माला येतं. ज्या गावात परत न येणं ही सगळ्यांत मोठी देणगी मानतात, त्या गावात माझ्या आईचं मूल गेलं होतं, आणि आईला ते परत हवं होतं. एवढंच आहे हे सगळं. पुढं मी पुष्कळ पुस्तकं वाचली, सभांना गेले, पण मुद्दा मला त्याच संध्याकाळी, खोलीच्या कोपऱ्यात बसून, कळला होता.

तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आईनं मला हलवलं. बाबा झोपलेले होते, किंवा झोपलेले नव्हते. त्यांची पाठ आमच्याकडे होती. चुलीशेजारी मातीचं कोरं मडकं मांडलेलं मी पाहिलं. आईनं हातात पितळी लोटा घेतला, पदराला मूठभर तांदूळ बांधले. गल्लीतल्या कचोरीवाल्याची भट्टी नुकती पेटत होती. घाटावर आम्ही नेहमीच्या जागी न जाता कडेच्या पायऱ्यांवर गेलो, तिथं एक जुनी होडी बांधलेली असायची. आई कमरेइतक्या पाण्यात उतरली. पदर पाण्याखाली झोळीसारखा धरला, तांदूळ टाकले आणि हाक मारली. "पुंगार, वरा. पुंगार, वरा." वरा म्हणजे ये. कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून हळू नाही, आणि कुणाला ऐकू जावं म्हणून मोठ्यानंही नाही. जेवायला बोलावतात तशी. मी पायरीवर उभी होते आणि प्रत्येक हाकेला आजूबाजूला कोण आहे ते बघत होते. पलीकडच्या घाटावर एक संन्यासी कौपीन पिळत होता, तेवढाच. किती वेळ गेला कोण जाणे. मग बोटभर लांबीचा एक मासा आला, चंदेरी, आणि पदरावर थांबला. पळाला नाही. आईनं पदर अलगद वर घेतला आणि तो पाण्यासकट लोट्यात सोडला. हसली. तीन दिवसांनी पहिल्यांदा हसली.

हाक मारणाऱ्यानं मागं थांबायचं, आणि मोठ्या भावंडानं घेऊन पुढं जायचं, अशी रीत. आईनं लोटा माझ्या हातात दिला. "खाली ठेवजो नोको. मागं पायजो नोको. कोनासंग बोलजो नोको. सीदी घरी जाजो, मडक्यात सोडजो. तुज्या मागनं येतो मी." मी मान हलवली. लोटा जड होता. वाकून पाहिलं तर मासा तळाशी गोल गोल फिरत होता.

गल्लीच्या तोंडाशी ओट्यावर काकू बसल्या होत्या.

आमच्या घराचं दार तिथून वीस पावलांवर होतं. मी मान खाली घालून जाऊ लागले. त्या म्हणाल्या, "अगं, थांब की. एवढ्या सकाळी कुठं गेली होतीस, बेटा?" आणि मग, लोट्याकडे पाहून, "काय आहे लोट्यात?"

मी बोलायला नको होतं. मान हलवून पुढं गेले असते तरी त्या रागावल्या नसत्या, बहीण गेलेल्या पोरीवर कोण रागावतं. पण ह्या बाईच्या उंबऱ्याच्या आत मी जात होते आणि माझ्या हातात मासा होता. मी माझ्या त्या लखलखीत मराठीत म्हणाले, "गंगाजल."

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. "गुणाची गं माझी बाय. अशा दुःखातसुद्धा आठवण ठेवलीस. ये, आमच्या महादेवावर घाल दोन पळ्या. सुतकाचं राहू दे, आज माझे गुडघे खाली उतरूच देत नाहीयेत." आणि त्यांनी लोट्यासाठी हात पुढं केला.

"ह्यात काडीकचरा आलाय काकू," मी म्हणाले. "बदलून आणते."

मी मागं वळले. आई असेल तिकडं गेले नाही. दुसऱ्या बाजूच्या पायऱ्यांनी उतरले. वाकले आणि लोटा कलता केला. मासा पाण्यात पडला, पण लगेच गेला नाही. पायरीच्या कडेशी, माझ्याकडे तोंड करून, थोडा वेळ थांबला. मी पाण्यावर हात मारला, मग गेला. मी लोटा विसळला. विसळला मी, आतून, तीन बोटांनी, वास राहू नये म्हणून. मग भरून आणला, काकूंच्या ताम्हनात दोन पळ्या घातल्या. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "आयुष्मती हो."

आई आली तेव्हा तिच्या लुगड्यातून पाणी गळत होतं आणि चेहरा उजळलेला होता. ती थेट मडक्यापाशी बसली. मडकं कोरडं होतं. तिनं लोट्यात पाहिलं. मग माझ्याकडे. मी म्हणाले, "काकूंनी विचारलं." एवढंच. दुसरं काही मला सांगता आलं नाही, आणि आईला दुसरं काही विचारावं लागलं नाही. तिनं मला मारलं असतं तर बरं झालं असतं. दोन थोबाडीत दिल्या असत्या तर आज मी हे लिहीत बसले नसते. ती पुन्हा घाटावर पळत जाईल असंही मला वाटलं होतं, मी दारातून बाजूलाही सरकले होते. ती गेली नाही. आलेल्या जिवाला घरातूनच कुणी परत पाठवलं तर त्याला दुसऱ्यांदा कुठल्या तोंडानं बोलवायचं, असं तिला वाटलं असेल. तिनं मडकं उचलून माळ्यावर, डब्याशेजारी ठेवलं. लुगडं बदललं. चूल पेटवली. आणि मला म्हणाली, "तुला भूक लागली असेल."

तुला. तुले नाही.

त्यानंतर त्या घरात गोंडी ऐकू आली नाही. मोहाचा डबा पुढं कधीतरी नाहीसा झाला. आई काकूंबरोबर सोमवार करू लागली, चतुर्थ्या करू लागली, उंबऱ्याच्या आत जाऊ लागली. पुरणपोळी तर अशी करायची की अहिल्याबाई घाटापर्यंतच्या मराठी घरांतून तिला बोलावणी येत. काकू म्हणायच्या, "माडवकर वहिनींसारखी बाई आमच्यातसुद्धा मिळायची नाही." बाबा हे ऐकून सुखावत. मी आईच्या चेहऱ्याकडे बघायची नाही. पुंगारनंतर तिला मूल झालं नाही.

आता मी सत्तरीला आले. मास्तरकी केली, लग्न केलं नाही, आईबरोबर ह्याच गल्लीत राहिले. बाबा गेले, काकू तर कधीच्याच गेल्या. काही वर्षांपूर्वी माझ्या चुलतभावाची मुलगी, वनिता, गावाहून आली. खांद्यावर पिवळं उपरणं, दारातच "जय सेवा, आत्या." ती आणि तिच्या बरोबरीची पोरं गावात लहान मुलांना गोंडीतून शिकवतात, म्हाताऱ्यांकडून गाणी गोळा करतात, गेलेल्यांच्या आठवणीचे दगड पुन्हा उभे करतात. मडावी हे नाव ती असं काही ठासून सांगते की ऐकतच राहावं. तिनं आईपुढं फोन धरला. "आजी, एखादं गाणं सांग. काही पण." आई म्हणाली, "मला काही येत नाही गं बाई. आम्ही माडवकर." वनिता हिरमुसली. मी चहा टाकायच्या निमित्तानं आत गेले.

मग ह्या हिवाळ्यात आईनं अंथरूण धरलं, आणि एका सकाळी तिच्या तोंडून मराठी गेली. पेज भरवत होते, तर ती माझ्याशी काहीतरी बोलली, स्पष्ट, खणखणीत, आणि मला एक अक्षर समजेना. साठ वर्षं कुठं दडवून ठेवलं होतं कुणास ठाऊक. रोज तेच वाक्य. मी वनिताला फोन लावला आणि तो आईच्या तोंडाशी धरला.

पलीकडून वनिता म्हणाली, "आत्या, आजी विचारते, लोटा कुठं ठेवलास."

मी फोन स्वतःच्या कानाशी घेतला.

"कुठला लोटा, आत्या?"

मी तिला सगळं सांगितलं. आईच्या उशाशी बसून, फोनवर, पहिल्यांदाच कुणाला तरी. वनितानं मला समजावलं नाही, तू लहान होतीस वगैरे काही म्हणाली नाही, त्याबद्दल मी तिची आभारी आहे. तिनं एवढंच विचारलं, "आजीला सांगू का?" मी म्हणाले, "खरं असेल ते सांग." मग ती आईशी गोंडीत बराच वेळ बोलली. आई डोळे उघडे ठेवून ऐकत होती. मधे एकदा तिनं माझा हात चाचपला. वनिता काय बोलली ते मी विचारलं नाही. आईनं पुन्हा लोटा विचारला नाही.

त्यानंतर चार दिवसांनी आई गेली. तिला गावी नेऊन पुरावं, एवढी ताकद माझ्यात राहिली नव्हती. ती मणिकर्णिकेवर गेली, जशी ह्या गावात सगळी जातात. शेजारची माणसं म्हणाली, भाग्याची, सुटली. मी हात जोडले. पण वनितानं मला फोनवरून हाक घोकून घेतली होती, उच्चार चुकला की पुन्हा म्हणायला लावत होती, जशी मी आयुष्यभर पोरांना लावत आले. तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी तोच लोटा घेऊन कडेच्या पायऱ्यांवर गेले. पाण्यात उतरणं जमलं नाही, शेवटच्या पायरीवर बसले आणि ओढणी पाण्याखाली धरली. तांदूळ टाकले. "याया, वरा," म्हणाले. याया म्हणजे आई. माझ्या तोंडात तो शब्द त्या दिवसापर्यंत कधी आला नव्हता. होडीवाले बघत होते, बघू दे म्हटलं. चौथ्या की पाचव्या हाकेला मासा आला.

तो लोट्यात घेतल्यावर मी दुसरं नाव घेतलं. "पुंगार, वरा." ऊन पायऱ्यांवर चढेपर्यंत मी म्हणत राहिले. आवाज बसला. तांदूळ संपले, मग लोकांनी टाकलेल्या लाह्या गोळा करून टाकल्या. रामनगरकडे जाणाऱ्या पहिल्या होड्या सुटल्या. ओढणीवरून पाणी जात होतं आणि नुसतं पाणीच जात होतं. तिनं यावं तरी का. ती एकदा आली होती.

रीतीप्रमाणे हाक मारणाऱ्यानं मागं थांबायचं आणि दुसऱ्यानं घेऊन जायचं, पण माझ्यामागं-पुढं कुणी नव्हतं, म्हणून मीच निघाले. गल्लीच्या तोंडाशी, त्याच ओट्यावर, काकूंची नातसून भाजी निवडत बसली होती. भली पोर आहे. मला भिजलेली पाहून उठून उभी राहिली. "ताई, इतक्या थंडीत? काय आहे लोट्यात?"

मी थांबले. लोटा तिच्यापुढं धरला, तिला आतलं दिसेल असा.

"आई आहे," मी म्हणाले. "धाकटी नाही आली."